मुलाखत : इतिहासाचें एक साधन

इतिहास म्हटला कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें कागद येतो. जुनीं दप्तरें, वाळवीनें खाल्लेले रुमाल, मोडी पत्रें, ताम्रपट आणि शिलालेख यांवांचून इतिहास लिहितां येत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत विशेष दृढ आहे. आणि तसें होण्यास सबळ कारणही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जमविलेल्या कागदांचे खंड १८९८ पासून बाहेर पडूं लागले, तेव्हां बखरींतील ऐकीव कथांचा पुष्कळसा डोलारा कोसळून पडला. अस्सल कागद असेल तरच बोला, हा त्या पिढीचा बाणा होता. तोंडच्या गोष्टीला तेव्हांपासून जो उणेपणा आला तो अद्यापि पुरता गेलेला नाहीं.

परंतु कागद कांहीं आकाशांतून पडत नाहीं. त्यावर जें लिहिलेलें असतें तें बहुधा कोणीं तरी कोणाला तरी विचारलेलें आणि त्यानें सांगितलेलें असतें. मराठी राज्यांतील वतनाच्या तंट्यांचे जे महजर राजवाड्यांनीं व त्यांच्या मागून इतर संशोधकांनीं प्रसिद्ध केले, तेच या दृष्टीनें पाहावे. तंटा उपस्थित झाला म्हणजे होईल तो निवाडा मान्य करूं असे राजीनामे दोन्ही पक्षांकडून घेत, जामीन घेत, दोघांच्या तकरिरी लिहून घेत, आणि मग गोताची सभा भरवून जाणत्या वृद्धांना साक्षीस उभें करीत. साक्ष पुष्कळदां देवळांत किंवा नदीच्या पात्रांत घेत. खोटें सांगितल्यास पूर्वजांना अधोगति मिळेल अशी शपथ घालीत. शिवेच्या वादांत गांवच्या महाराची साक्ष महत्त्वाची मानीत, कारण शीव कोठून कोठें जाते याचें त्याच्याइतकें पायांखालचें ज्ञान दुसऱ्या कोणाला नसे. शेवटीं ज्यांना लिहितां येत नसे ते महजरावर आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत : पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. आज ज्याला अस्सल कागद म्हणतात तो अशा रीतीनें निरक्षर माणसांच्या तोंडच्या शब्दांचाच बनलेला आहे. म्हणून कागद आणि जबानी यांचें वैर मानणें व्यर्थ होय. कागद ही पुष्कळदां वाळलेली जबानीच असते.

मुलाखत हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ भेट एवढाच आहे. मराठी पत्रव्यवहारांत सरदारांच्या व वकिलांच्या मुलाखती होत त्या याच अर्थानें. वर्तमानपत्रांच्या काळांत त्या शब्दाला प्रश्नोत्तरांचा अर्थ चिकटला. तरी मूळ अर्थ विसरूं नये. भेटीला दोन माणसें लागतात, आणि भेटींतून जें निष्पन्न होतें त्यावर दोघांचाही ठसा असतो. मुलाखतीचें सारें सामर्थ्य आणि तिचा सारा धोका या एका गोष्टींत सांठविलेला आहे.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज यानें हें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें. इ. स. पूर्व ४३१ मध्यें अथेन्स व स्पार्टा यांच्यांत जें दीर्घ युद्ध सुरू झालें त्याचा इतिहास त्यानें लिहिला. तो स्वतः अथेन्सचा सेनापति होता, परंतु इ. स. पूर्व ४२४ मध्यें आलेल्या अपयशामुळें त्याला वीस वर्षें हद्दपारींत काढावीं लागलीं. या आपत्तीचाही त्यानें उपयोग करून घेतला. हद्दपारीमुळें त्याला दोन्ही पक्षांच्या माणसांत वावरतां आलें व शत्रूची बाजू शत्रूच्या तोंडून ऐकतां आली. ग्रंथारंभीं तो सांगतो कीं, जें आपण पाहिलें नाहीं तें पाहणारांना विचारून घेतलें. परंतु एकच प्रसंग पाहिलेले लोकही तो एकसारखा सांगत नाहींत, कारण कोणाची स्मृति अपुरी पडते तर कोणाचा ओढा एका पक्षाकडे असतो. त्याच्या पूर्वीं हिरोडोटस यानेंही देशोदेशीं हिंडून लोकांना विचारलें होतें; आणि जें ऐकलें तें सांगणें हें आपलें काम असलें तरी त्या सर्वांवर विश्वास ठेवण्याचें बंधन आपणांवर नाहीं, असें स्पष्ट बजावलें होतें. एकानें ऐकलें आणि मांडलें; दुसऱ्यानें ऐकलें आणि पारखलें. पुढील काळांत लोकांना विचारून लिहिणारा प्रत्येकजण या दोघांपैकीं कोणाच्या तरी वाटेनें गेलेला आढळतो.

हिंदुस्थानांत लोकांना विचारून माहिती जमविण्याचा एक मोठा उद्योग कॉलिन मॅकेंझी या मोजणी-अधिकाऱ्यानें केला. तो १८१५ मध्यें हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला आणि १८२१ मध्यें वारला. मोजणीच्या कामाबरोबरच दक्षिणेंतील गांवांच्या, देवस्थानांच्या व जुन्या घराण्यांच्या कैफियती त्यानें जमविल्या. हें काम मुख्यतः कावली वेंकट बोरय्या, त्याचा बंधु लक्ष्मय्या आणि त्यांच्यासारख्या इतर देशी सहायकांनीं केलें. संग्रहाला नांव साहेबाचें पडलें. गांवच्या म्हाताऱ्यांना बोलतें केलें तें या सहायकांनीं. त्या संग्रहांत मराठी कागदही पुष्कळ आहेत. विचारणारा कोण, हा प्रश्न येथेंच उभा राहतो. सरकारी माणूस दारीं येऊन जमिनीची माहिती विचारूं लागला म्हणजे खेडुताच्या मनांत पहिला विचार शेतसाऱ्याचा येतो. आणि मग दिलेलें उत्तर इतिहासासाठीं नसतें, साऱ्यापासून बचाव करण्यासाठीं असतें.

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाची हकीकत निराळ्या प्रकारची आहे. वरसई गांवचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठीं १८५७ मध्यें उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. १८५८ मध्यें झांशीला वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. पुढें भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं त्यांना त्या आठवणी लिहावयास लावलें, म्हणून एका प्रत्यक्षदर्शी मराठी माणसाची साक्ष इतिहासाला मिळाली. परंतु १९०७ मध्यें पुस्तक प्रसिद्ध करतांना वैद्यांनीं भाषेवर व मजकुरावर आपला हात फिरविला होता. गोडसे यांनीं जसें लिहिलें तसें तें वाचावयास मिळालें १९६६ मध्यें, दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलें तेव्हां. वैद्य नसते तर साक्षच उरली नसती. आणि वैद्यांनीं हात फिरविला म्हणून ती जशीच्या तशी मिळण्यास आणखी जवळजवळ साठ वर्षें लागलीं. विचारणाराचें ऋण आणि विचारणाराचा दोष हीं दोन्ही एकाच पुस्तकांत पाहावयास सांपडतात.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें कारखाने वाढले आणि मुलाखतीला नवें महत्त्व आलें. जे लोक कधीं कागदावर येत नव्हते त्यांचें जिणें कसें आहे हें कायदे करणारांना कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. १८३२ मध्यें मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं पार्लमेंटची एक समिति बसली आणि तिच्यापुढें लहानपणापासून गिरण्यांत राबलेल्या मजुरांनीं साक्षी दिल्या. पहांटेपासून रात्रींपर्यंतचें काम, झोप येऊं नये म्हणून बसणारा मार, वांकडे झालेले पाय, अशी ती हकीकत होती. ती वाचून लोकमत हादरलें. परंतु गिरणीमालकांचे कैवारी म्हणूं लागले कीं, साक्षी शपथेवर घेतल्या नाहींत, हवें तें उत्तर यावें असेच प्रश्न विचारले, आणि दुसरी बाजू ऐकलीच नाहीं. आक्षेप अगदींच निराधार नव्हता. म्हणून १८३३ मध्यें दुसरें कमिशन नेमून गिरण्यांच्या गांवीं पाठविण्यांत आलें. हें कमिशन मालकांच्या सोयीचें म्हणून मजुरांनीं त्याचा निषेध केला. तरी त्यालाही मुलें प्रमाणाबाहेर राबतात हें नाकारतां आलें नाहीं. त्याच वर्षीं कायदा झाला : बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव, त्यांहून मोठ्या मुलांच्या कामास तासांची मर्यादा, आणि देखरेखीस चार निरीक्षक. एका चौकशीनें ज्याविषयीं संशय उरतो तें, विरोधी हेतूंनीं केलेल्या दोन चौकशांचीं उत्तरें जुळलीं म्हणजे नाकारतां येत नाहीं, हा या प्रकरणाचा धडा होय.

१८४९ च्या ऑक्टोबरपासून हेन्री मेह्यू या लेखकानें 'मॉर्निंग क्रॉनिकल' पत्रांत लंडनमधील गरीब कामकऱ्यांविषयीं लिहिण्यास आरंभ केला; पुढें त्यांतूनच त्याचा लंडनच्या श्रमजीवी व दरिद्री लोकांविषयींचा मोठा ग्रंथ तयार झाला. शिंपी, गोदींतील मजूर, फेरीवाले, रस्ता झाडणारे यांना तो भेटे. मजुरी किती, भाडें किती, खाण्यास काय, हें विचारी. आणि उत्तर शक्य तों त्यांच्याच शब्दांत उतरून ठेवी. एकदां वॉटरक्रेस नांवाची पालेभाजी विकणारी आठ वर्षांची पोर त्याला भेटली. लहान मूल म्हणून त्यानें तिच्याशीं खेळण्यांची व बागांची गोष्ट काढली. तिला त्यांतलें फारसें कांहीं ठाऊक नव्हतें. आपल्यासारखीला बागेंत जाऊं देतात काय, असें तिनेंच उलट विचारलें. परंतु भाजी कितीला घ्यावी, तिच्या जुड्या कशा बांधाव्या आणि मिळालेल्या पैशांचें काय करावें, हें ती एखाद्या प्रौढ व्यापाऱ्यासारखें सांगत होती. मेह्यूच्या पहिल्या प्रश्नाचा नेम चुकला. परंतु चुकलेला प्रश्न त्यानें लपविला नाहीं, छापला. म्हणूनच त्या संवादांत ती मुलगी आजही दिसते. प्रश्न गाळून नुसतें उत्तर छापलें असतें तर भाजीचा भाव तेवढा कळला असता.

शहराचें एकंदर मान काढण्याचें काम चार्ल्स बूथ यानें १८८६ पासून हातीं घेतलें. लाखों घरीं स्वतः जाणें अशक्य होतें. म्हणून शाळेंत मुलें घालण्याविषयीं घरोघर फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना, गल्लीगल्लींतील कुटुंबांची खडान्‌खडा माहिती असल्यामुळें, तासन्‌तास बसवून त्यानें एकेका घराविषयीं विचारलें. लंडनचे शेंकडा ३०.७ लोक दारिद्र्यांत आहेत असें त्यांतून निघालें. त्याच्या सहकाऱ्यांत बीॲट्रिस पॉटर, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेल्या बीॲट्रिस वेब, या होत्या. मुलाखत कशी घ्यावी याविषयीं १९२६ सालीं निघालेल्या आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं जें लिहिलें तें अद्यापि शिळें झालेलें नाहीं. विषयाची व त्या धंद्यांतील शब्दांची पूर्वतयारी केल्यावांचून कोणाकडे जाऊं नये. वाद घालूं नये. उलटतपासणी करूं नये. आणि परत आल्यावर स्मृति ताजी आहे तोंच सर्व लिहून काढावें, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. त्यांतील पहिलें कलम विशेष मोलाचें आहे. ताणा कोणता आणि बाणा कोणता हें विणकराला विचारणारा माणूस त्याच्याकडून फारसें शिकून येत नाहीं. कारण या पाहुण्यापाशीं दोन गोष्टी बोलून वेळ मारून नेली तरी चालेल, हें विणकराला तेव्हांच कळतें.

महाराष्ट्रांत कागद आणि जबानी यांची गांठ सर्वांत कडूपणानें पडली ती १८७५ मध्यें. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गांवीं पसरलें. जमावाचें मुख्य लक्ष रोखे, खतें व हुकूमनामे यांवर होतें. ते हातीं आले कीं जाळीत; सावकारानें ते मुकाट्यानें काढून दिले तर बहुधा त्याच्या अंगाला हात लावीत नसत. सरकारनें नेमलेल्या कमिशननें रयत, सावकार व अधिकारी यांची चौकशी केली आणि १८७६ मध्यें आपला अहवाल दिला. जाळले गेले ते कागद खोटे नव्हते. कायद्याच्या दृष्टीनें ते अस्सल होते. न्यायालयें त्यांनाच प्रमाण मानीत, आणि दावे पुष्कळदां एकतर्फी निकालांत निघत. परंतु ज्यानें निशाणी केली त्याला आंत काय लिहिलें आहे हें वाचतां येत नव्हतें. हातांत पडलेली रक्कम किती, व्याज म्हणून धरलेली किती, आणि नवें खत झालें तेव्हां जुनें फाडलें कीं नाहीं, हें कागद सांगत नव्हता. तें माणसालाच विचारावें लागलें.

महजरावर नांगराची निशाणी करणारा शेतकरी स्वतः बोललेल्या शब्दांना साक्ष देत होता. खतावर निशाणी करणारा त्याचा वंशज दुसऱ्यानें लिहिलेल्या शब्दांत बांधला जात होता. दोघेही सारखेच निरक्षर. परंतु एका कागदामागें जबानी होती, दुसऱ्यामागें नव्हती. १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं जो कायदा झाला त्यानें न्यायाधीशावर एक नवें कर्तव्य टाकलें. केवळ खत पाहून निकाल न देतां त्यानें खताच्या मागें जावें, धनको व ऋणको या दोघांना विचारावें, आणि व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, असें त्यांत सांगितलें होतें. अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक अभ्यासकानें हें कलम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या एकाच गांवाची कुटुंबवार पाहणी करून १९१७ मध्यें तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही जमीन, उत्पन्न आणि कर्ज यांचें खरें मान काढण्यास सरकारी दप्तर पुरेसें झालें नाहीं. घरोघर विचारावेंच लागलें.

विचारणारा बदलला म्हणजे उत्तर किती बदलतें याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र अमेरिकेंतील आहे. तेथील गुलामगिरी १८६५ मध्यें कायद्यानें संपली. मालकांनीं हिशेबाच्या वह्या, पत्रें आणि आठवणी असा ढीगभर कागद मागें ठेविला होता. गुलामांना लिहिणें-वाचणें शिकविण्यास दक्षिणेंतील अनेक राज्यांत कायद्यानेंच बंदी असल्यामुळें त्यांच्या बाजूचा कागद फार थोडा होता. केवळ कागदावरून इतिहास लिहावयाचा तर तो मालकांचाच व्हावयाचा. १९२९ नंतरच्या मंदींत बेकार झालेल्या लेखकांना काम देण्यासाठीं तेथील सरकारनें एक योजना काढली. तिच्यांतून १९३६ ते १९३८ या काळांत सतरा राज्यांत, एकेकाळीं गुलाम असलेल्या स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. त्यांची संख्या दोन हजार तीनशेंहून अधिक भरली, आणि टंकलिखित प्रती १९४१ मध्यें वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत ठेवण्यांत आल्या. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे होते. मुक्ति मिळाली तेव्हां त्यांतील पुष्कळजण अजून मुलेंच होते. विचारणारे बहुतांशीं गोरे होते.

या संग्रहांत दक्षिण कॅरोलिना राज्यांतील चार्ल्सटन शहरच्या एका वृद्धेच्या दोन मुलाखती आहेत. त्या १९३७ च्या सुमाराच्या आहेत आणि तेव्हां तिनें आपलें वय शंभरावर सांगितलें होतें. एकदां तिला एका गोऱ्या बाईनें विचारलें, एकदां एका काळ्या गृहस्थानें. गोऱ्या बाईला तिनें सांगितलें कीं, आपला धनी फार चांगला माणूस होता आणि त्याच्या घरचीं माणसेंही थोर होतीं. काळ्या गृहस्थापाशीं तीच वृद्धा मार, ताटातूट आणि माणसांचा बाजार यांविषयीं बोलली. रात्रीं विवाह झालेल्या एका जोडप्यांतील वधू दुसऱ्या दिवशीं सकाळीं विकली गेली, ही हकीकत तिनें याच वेळीं सांगितली. वृद्धा तीच, शहर तेंच, धनी तोच. हकीकती मात्र दोन.

यांतील खरी कोणती, असा प्रश्न साहजिक मनांत येतो. उत्तराची किल्ली गोऱ्या बाईनेंच आपल्या टिपणांत ठेविली आहे. ही पाहुणी सरकारच्या मदतकचेरींतून आली असावी असा त्या वृद्धेचा समज झालेला दिसला, असें तिनें नमूद केलें आहे. दिवस मंदीचे होते, म्हातारी त्या कचेरीच्या मदतीवर अवलंबून होती, आणि मदत देणारे हात गोरे होते. त्या हातांच्या पूर्वजांची निंदा करून आपला घांस कोण गमावील? गुलामगिरींत वाढलेल्या माणसाला कोणापुढें काय बोलावें याचें शिक्षण लहानपणींच मिळालेलें असतें, आणि तें सत्तर वर्षांत विसरलें जात नाहीं. काळ्या गृहस्थापुढें ती भीति नव्हती. म्हणून दुसरी हकीकत अधिक विश्वसनीय मानावी लागते. परंतु पहिलीही टाकाऊ नव्हे. मुक्तीला सहा तपें होत आलीं तरी एका वृद्धेला एका परक्या बाईपुढें आपलें दुःख गिळावें लागलें, हा १९३७ सालचा इतिहास त्या पहिल्या मुलाखतींत लिहिलेला आहे. गोऱ्या बाईनें तो समज क्षुल्लक म्हणून गाळला असता तर पुढील अभ्यासकांना हा उलगडा होणें कठीण गेलें असतें. जॉर्ज रॉविक यांनीं १९७२ पासून या मुलाखती छापून प्रसिद्ध केल्या. नंतर राज्यांच्या दप्तरांत पडून राहिलेल्या, वॉशिंग्टनला कधींच न गेलेल्या मुलाखतीही त्यांनीं शोधून काढल्या. मालकांच्या कागदावर उभा असलेला गुलामगिरीचा इतिहास या जबान्यांनीं पुष्कळ बदलला.

सांगणाराच्या स्मृतीचा प्रश्न याहून निराळा आहे. मध्य इटलींतील तेर्नी हें पोलाद-कारखान्यांचें शहर. १७ मार्च १९४९ रोजीं, इटलीनें पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी करारांत शिरूं नये म्हणून निघालेल्या कामगारांच्या निदर्शनांत लुइजी त्रास्तुल्ली नांवाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढें अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनीं तेथील वृद्ध कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हां कित्येकांनीं हा मृत्यु १९५३ मधील म्हणून सांगितला. त्या वर्षीं दोन हजारांहून अधिक कामगारांना कारखान्यांतून काढून टाकलें होतें आणि रस्त्यांत दंगल माजली होती. सनावळीच्या दृष्टीनें ही चूक उघड आहे, आणि कागद पाहून ती दुरुस्त करावीच लागते. पण पोर्तेल्ली यांनीं चूक दुरुस्त करून ती फेंकून दिली नाहीं; ती कां झाली असें विचारलें. दूरच्या करारासाठीं झालेल्या निदर्शनांत, जवळजवळ अनवधानानें, आपला सोबती गेला, हें त्या लोकांच्या मनाला पटत नव्हतें. आपल्या पोटावर पाय आला त्या मोठ्या लढ्यांत तो गेला, असें मानल्यावर त्या मृत्यूला अर्थ येत होता. काय घडलें हें कागदानें सांगितलें. जें घडलें त्याचा सल किती खोल होता हें चुकलेल्या आठवणीनें सांगितलें.

१९४८ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ॲलन नेव्हिन्स यांनीं प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलाखती पद्धतशीरपणें जमविण्यास आरंभ केला. आरंभीं उत्तरें हातानें टिपून घेत. लौकरच ध्वनिमुद्रण-यंत्र मदतीस आलें. यंत्रामुळें बोलणाराचा शब्द, स्वर आणि मध्येंच घेतलेला श्वासही राखतां येतो, हा मोठा लाभ होय. परंतु कोणाला विचारावयाचें, काय विचारावयाचें आणि उत्तर आलें नाहीं तर किती वेळ गप्प राहावयाचें, हें यंत्राला कळत नाहीं. तें माणसानेंच शिकावें लागतें.

या सर्व इतिहासांतून जे नियम निघतात ते थोडके आहेत. विचारणारा कोण होता, कोणाच्या वतीनें आला होता, भेट कोठें झाली आणि जवळ आणखी कोण बसलें होतें, हें उत्तराच्या शेजारीं लिहून ठेवावें. प्रश्न उत्तराइतकाच जपून ठेवावा. प्रश्नांतच उत्तर सुचवूं नये. 'तुमच्या वेळीं दुष्काळ फार भयंकर होता, नाहीं कां?' असें विचारल्यास 'होय' याहून अधिक कांहीं मिळण्याची आशा नको. 'त्या वर्षीं तुमच्या घरीं चूल कशी पेटत असे?' असें विचारल्यास म्हातारी आजी तासभर बोलेल. एकाची हकीकत दुसऱ्याच्या हकीकतीशीं, आणि दोन्ही कागदाशीं ताडून पाहाव्या. जुळल्या तर ठीकच, न जुळल्या तर कां जुळत नाहींत याचा शोध घ्यावा. सांगणाराचे शब्द आपल्या शिष्ट भाषेंत घालून गुळगुळीत करूं नयेत. आणि ज्यानें विश्वासानें सांगितलें त्याला त्या सांगण्यामुळें इजा पोहोंचणार नाहीं, याची काळजी सर्वांआधीं घ्यावी. हा शेवटचा नियम पद्धतीचा कीं नीतीचा, असा वाद घालण्याचें कारण नाहीं. भ्यालेला माणूस खरें सांगत नाहीं. म्हणून येथें नीति तीच पद्धति आहे.

कागदाला एक सोय आहे : तो थांबूं शकतो. रुमालांत बांधलेलें पत्र दोनशें वर्षें वाट पाहतें आणि मग एखादा राजवाडे येऊन तें सोडतो. माणसाची जबानी वाट पाहात नाहीं. गांवांतील जाणता वृद्ध गेला म्हणजे त्याच्याबरोबर शीव, विहीर, दुष्काळ, साथ, जत्रा आणि तंटा यांची एक अख्खी बखर जाते. ज्यांच्या घरीं दप्तर कधीं नव्हतेंच, त्या कुळांना, मजुरांना आणि बायकांना इतिहासांत शिरण्यास जबानीवांचून दुसरा दरवाजा नाहीं. आणि तो बाहेरून कोणीं उघडल्यावांचून उघडत नाहीं.

जुन्या गोतसभेंत साक्षीदाराला नदीच्या पात्रांत उभा करून शपथ घालीत. प्रश्न विचारणाराला मात्र कोणी शपथ घालीत नसे. चार्ल्सटनच्या वृद्धेची हकीकत वाचल्यावर वाटतें कीं, जो विचारावयास निघाला त्यानेंही तसेंच पाण्यांत उभें राहून एक शपथ घ्यावयास पाहिजे : ऐकावयास मिळेल तें, आपल्याला आवडो वा न आवडो, जसेंच्या तसें लिहीन.